अथेन्सचा खटला, नेपरव्हिलच्या शाळेत

त्या ग्रीक म्हाताऱ्याला आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका शाळेच्या सभागृहात, संक्रांतीच्या कार्यक्रमात, तिळगूळ वाटून झाल्यावर आणि जेवण सुरू व्हायच्या आधी दोषी ठरवलं. तोच म्हातारा, ज्याने अथेन्सच्या बाजारात भेटेल त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि ज्याला गावाने शेवटी विषाचा पेला पाजला. सरकारी वकील मी होतो. बाहेर गुडघाभर बर्फ होता, आत माणसं जाड जॅकेटं मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी बायकोच्या पदवीदानाचा काळा गाउन घालून रंगमंचावर येरझारा घालत होतो. त्या संध्याकाळइतका खूश मी आयुष्यात फार कमी वेळा झालो असेन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी सारवासारव करीन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

अभिरूप न्यायालय हा प्रकार आमच्या पिढीच्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. कुणावर तरी खोटा खटला भरायचा, खरे वकील असल्यासारखं भांडायचं आणि निकाल प्रेक्षकांनी द्यायचा. पुण्याला कॉलेजात असताना मी मेसच्या स्वयंपाक्यावर, प्रेमविवाहावर आणि एकदा खुद्द प्राचार्यांच्या स्कूटरवर खटला चालवला होता. तिन्ही जिंकलो. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत यंदा काहीतरी वेगळं करू या असं निघालं तेव्हा मी हात वर केला. आरोपी कोण, हे मात्र माझ्या मित्राने सुचवलं. विषय त्याचाच: या ग्रीक माणसाची कीर्ती खरी की फुगवलेली?

हा मित्र नागपूरचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही अठरा वर्षं एकाच कंपनीत, शेवटची नऊ एकाच मजल्यावर. रोज सकाळी एकाच ट्रेनने शिकागोला जायचो, खिडकीची जागा त्याची. आमच्यात फरक एवढाच की मी अमेरिकेत त्याच्या सहा वर्षं आधी आलो, आणि एवढ्या एका कर्तबगारीवर मला ग्रीनकार्ड मिळालं. तो अजून रांगेत होता. लेक तिसरीत असताना त्याने अर्ज केला होता, आता ती अकरावीत होती. तोवर त्याचं इथलं राहणं नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायको-मुलीसह परत जायचं.

त्याला प्रश्न विचारायची खोड होती. खोड म्हणजे कुरापत नव्हे. समोरच्याची जिरवावी म्हणून विचारणारी माणसं मला कळतात, मी त्यांतलाच आहे. त्याला खरोखर माहीत करून घ्यायचं असायचं, आणि तेच लोकांना झेपायचं नाही.

तालमी त्याच्या घरच्या बेसमेंटमध्ये झाल्या. वर वहिनी, म्हणजे त्याची बायको, शंभर माणसांच्या तिळगुळाची तयारी करत होत्या. खाली आम्ही एका माणसाच्या मरणाची.

"आरोप सांग," तो म्हणाला. आरोपीची भूमिका त्याने स्वतःकडे घेतली होती.

"एक, स्वतः एक ओळ लिहिली नाही. जे काही आहे ते चेल्यांनी लिहिलेलं. चेले वाईट कशाला लिहितील?"

"ठीक."

"दोन, त्याच्या पायाशी बसणाऱ्यांतले काही पुढे गावाच्या जिवावर उठले. मास्तर म्हणून नापास."

"हे जड आहे. पुढे?"

"तीन, बायको आणि तीन पोरं. पळून जाता येत होतं, मित्र सगळी सोय करून आले होते, तरी हा बसून राहिला. तत्त्व तुझं, भोगायचं त्यांनी?"

त्याने चश्मा कपाळावर नेला. "हा सगळ्यात चांगला आहे बे. याला माझ्याकडे उत्तर नाही."

"म्हणजे मी जिंकलो."

"उत्तर नसणं आणि हरणं एकच असतं का?"

"झालं सुरू!"

मग त्याने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि उत्साहाने माझ्याजवळ सरकला. "हे घे तू. ह्यात ड्रामा आहे. खटल्याच्या वीसेक वर्षं आधी एका विनोदी नाटककाराने ह्याला स्टेजवर आणलं होतं. टोपलीत बसवून वर टांगला, ढगांशी बोलतोय म्हणून. सगळं गाव पोट धरून हसलं. आणि कोर्टात हा म्हणतो, समोर उभे आहेत त्यांची मला एवढी भीती नाही. ती जुनी थट्टा ऐकत जी माणसं मोठी झाली, त्यांची आहे. त्यांना उलटतपासणीला मी कुठून बोलावू?"

"लांबतंय यार. कट."

"अबे, मुद्दाच तो आहे."

"साडेसातला जेवण आहे. कट."

त्याने मान डोलावली. नाटकातलं मला जास्त कळतं, असं त्याचं मत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिली दहा मिनिटं माझा खटला पडला. लिहिलं नाही, हशा नाही. चेले वाईट निघाले, हशा नाही. तिसऱ्या रांगेत एक काका घड्याळ बघत होते. न्यायाधीश म्हणून बसवलेल्या मावशी, इथे मुलाकडे आलेल्या निवृत्त शिक्षिका, माझ्याकडे अशा बघत होत्या की पाठ न केलेला मुलगा मी. तेव्हा मी माझं राखून ठेवलेलं शस्त्र काढलं. त्याला सांगितलेलं नव्हतं, सरप्राइज होतं.

"न्यायाधीश महाराज," मी म्हणालो, "हा माणूस अडीच हजार वर्षांपूर्वी मेला असं आरोपीचं म्हणणं आहे. सरकार पक्ष सिद्ध करील, की तो मेलेला नाही. तो रूट एकोणसाठवरच्या इंडियन ग्रोसरीत दर शनिवारी येतो."

आणि मी मित्राची नक्कल सुरू केली.

त्याचं मान तिरकी करणं, चश्मा कपाळावर नेणं, "एक मिनिट हं" म्हणून बोट वर करणं. 'फ्रेश मेथी' अशी पाटी पाहून दुकानदाराला "फ्रेश म्हणजे कधीची?" विचारणं, आणि पुढच्या शनिवारी पाटीवर नुसतंच 'मेथी' असणं. डॉक्टरने थोडं चाला म्हटल्यावर "थोडं म्हणजे कुठपर्यंत?" सभागृह हशाने दणाणलं. घड्याळवाले काका डोळे पुसत होते. मला अंगात वारं शिरल्यासारखं झालं. मग मी ऑफिसातला किस्सा काढला. आमचे मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, आपण कंपनी नाही, फॅमिली आहोत, आणि ह्याने हात वर करून विचारलं होतं, "सर, फॅमिलीत कोणाला ले-ऑफ करत नाहीत. मग ह्या दोन शब्दांपैकी आपण कुठला बदलायचा?"

साहेबांचा चेहराही मी करून दाखवला.

तो हशा अजून माझ्या कानात आहे. आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसत होतं? आरोपी. पिंजरा म्हणून ठेवलेल्या दोन खुर्च्यांच्या मध्ये उभा राहून, पांढरी चादर खांद्यावर सावरत, तो वाकून वाकून हसत होता.

मतदान शेंगदाण्यांनी आणि काबुली चण्यांनी झालं. शेंगदाणा म्हणजे दोषी. स्टीलचा डबा शेंगदाण्यांनी भरून आला. मग अथेन्सच्या रिवाजाप्रमाणे आरोपीने स्वतःच स्वतःची शिक्षा सुचवायची होती. खऱ्या म्हाताऱ्याने तिथे म्हटलं होतं की मी गावाचं भलं केलं, मला आयुष्यभर सरकारी खर्चाने जेवायला घाला. माझा मित्र म्हणाला, "मंडळाने मला दर कार्यक्रमाला पहिल्या पंगतीत बसवून दोन बटाटेवडे द्यावेत, आणि त्यात बटाटा किती ते सांगावं." पुन्हा टाळ्या.

जेवणाच्या रांगेत वहिनी माझ्यामागे उभ्या होत्या. "छान झालं भावजी," त्या म्हणाल्या. "पण ते साहेबांचं नको होतं सांगायला."

"अहो वहिनी, सगळे आपलेच आहेत."

हे वाक्य मी किती सहज बोललो! आपण मराठीत बोललो की दार लावून घरात बोलल्यासारखं वाटतं. इथे वीस वर्षं काढलेल्या माणसालासुद्धा. ट्रेनमध्ये शेजारच्याच्या टकलाबद्दल आम्ही खुशाल मोठ्याने बोलायचो. भाषा म्हणजे आमची चार भिंतींची खोली. तिला खिडकी असेल असं मनातही यायचं नाही.

ऑफिसात माझ्या टीममध्ये एक मराठी मुलगी होती, नुकतीच शिक्षण संपवून लागलेली, गुणी. तिने माझ्या नकलेचा तुकडा मोबाइलवर घेतला होता. तिला तो ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवायचा होता, म्हणून तिने खाली इंग्रजी वाक्यं घातली. टाकण्याआधी तिने तो मला पाठवला. "सर, ओके आहे ना?"

ओके? मी दोन वाक्यं दुरुस्त करून दिली. साहेबांच्या किश्शात 'फॅमिली' शब्दानंतर अर्धा सेकंद थांब, म्हणजे पंच बसेल, असंही कळवलं. मित्राला विचारलं नाही. तो हसला होताच की.

बुधवारपर्यंत सगळ्या मजल्याने पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, आणि खाली हसणारा चेहरा टाकला. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं माझी पाठ थोपटायची. मित्राला लोक 'प्रोफेसर' म्हणायला लागले. तो म्हणायचा, "बरं आहे, बिनपगारी प्रमोशन."

काय बिघडलं ते कळायला मला उन्हाळा उजाडावा लागला. आधी तो मीटिंगमध्ये प्रश्न विचारायचा तेव्हा लोक वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. आता तो 'एक मिनिट' म्हणाला की टेबलाभोवती हसू फुटायचं. कोणीतरी बोट वर करून चश्मा कपाळावर न्यायचं. माझीच नक्कल, माझ्याहून वाईट केलेली. हसून झालं की विषय पुढे जायचा. उत्तर द्यायची गरजच उरली नव्हती.

त्या वेळी त्याच्या टीमकडे औषधांच्या दुकानांसाठीचं एक सॉफ्टवेअर होतं. दोन औषधं एकमेकांना मारक असतील तर ते फार्मासिस्टला सावध करायचं. ते बाहेर काढायची तारीख वरून आली होती. त्याने विचारलं, "टेस्टिंग झालं म्हणजे नक्की काय झालं? कोणी केलं? कुठली औषधं घेऊन?" हशा. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. पुन्हा हशा. मग त्याने लेखी विचारलं, आणखी वर. आता कोणी हसलं नाही. ह्याच्यामुळे कामं अडतात, अशी लेखी तक्रार झाली.

एचआरने चार सहकाऱ्यांकडून अभिप्राय मागवले. त्यांत मी होतो. मागितल्या होत्या तीन ओळी, मी पानभर लिहिलं. मला त्याला वाचवायचं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मला माणूस वाचवायचा म्हणजे आधी रंगवावा लागतो. मी लिहिलं की हा लिफ्ट थांबवून तिला विचारील, 'वर' म्हणजे तुला काय म्हणायचंय? चाळीस मिनिटांची मीटिंग ह्याच्या हाती दोन तासांची होते. आणि मग खाली, परिच्छेद बदलून, मी लिहिलं की गेल्या नऊ वर्षांत ह्याच्या प्रश्नांनी आम्हाला तीनदा तोंडावर पडण्यापासून वाचवलंय, आणि असा माणूस आमच्यात आहे म्हणून मला शांत झोप लागते.

तो कागद त्याच्या हातात मी पाहिला तो जुलैमधल्या एका रविवारी दुपारी. वहिनींनीच फोन करून बोलावलं होतं. "भावजी, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो."

तो घरामागच्या लाकडी डेकवर बसला होता. कंपनीने त्याच्यापुढे एक 'सुधारणा योजना' ठेवली होती. 'माझ्या प्रश्नांमुळे टीमचं नुकसान झालं हे मला मान्य आहे, यापुढे मी मीटिंगमध्ये हरकती घेणार नाही, आणि चालू प्रोजेक्टबद्दलच्या शंका आता मिटल्या आहेत,' अशा मजकुरावर त्याने सही करायची. केली तर नोकरी राहील. शुक्रवारपर्यंत मुदत.

"सही कर," मी बसायच्या आधीच म्हणालो. "अरे, कागद आहे. सगळे करतात. वर्षभर गप्प बस, पोरीची शाळा होऊ दे. मग घाल गोंधळ."

"माझ्या शंका मिटल्यात का?" त्याने विचारलं.

"मिटल्यात असं लिही."

"ते नाही विचारलं मी."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. "मी तेच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "एक सही. तिच्या सगळ्या मैत्रिणी इथे, तिची कॉलेजं इथली. आत्ता नागपूरला नेऊन काय करायचं तिचं? कोणत्या वर्गात बसवायचं? तू तिला विचारलंस? सगळ्या जगाला विचारतोस."

हा तर माझा तिसरा आरोप. ह्याला उत्तर नाही, असं तो बेसमेंटमध्येच म्हणाला होता. मला तेव्हा आणखी जोर चढला. "वहिनी बरोबर बोलतायत. तत्त्व तुझं, भोगायचं त्यांनी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग योजनेबरोबर जोडलेलं पान उलटलं आणि इंग्रजीतून वाचून दाखवलं. एका सहकाऱ्याच्या शब्दांत, तो लिफ्ट थांबवून तिला विचारील, 'वर' म्हणजे तुला काय म्हणायचंय?

"चांगलं आहे," तो म्हणाला. "नाव घातलेलं नाही. पण एवढं चांगलं आमच्याकडे दुसरं कोण लिहिणार?"

"खालचं वाचलंस का? खाली मी लिहिलंय..."

"खालचं त्यांनी घेतलं नाही."

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मी माफी मागायला हवी होती, तिथल्या तिथे. मी म्हणालो, "कॉन्टेक्स्टमधून काढलंय रे त्यांनी."

"हो," तो म्हणाला. रागावला नव्हता. रागावला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. त्याने पेन उचललं आणि कागद मांडीवर घेतला. "बरं, एक कर. मी आत्ता सही करतो. उद्याच्या सगळ्या मजल्याच्या मीटिंगला तू असशीलच. तिथे तू विचार, टेस्टिंग कोणी केलं आणि कुठली औषधं घेऊन. एवढंच. मग मी गप्प बसलो तरी चालेल. तुझं ग्रीनकार्ड आहे, तुला काही होणार नाही."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. इतक्या आशेने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही, कुठल्याही प्रेक्षकाने नाही.

काय करायचं होतं मला? तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती. मी, जो लग्नात, मुंजीत, शोकसभेतसुद्धा न विचारता माइक हातात घेतो.

"यार," मी म्हणालो, "तो माझा प्रोजेक्ट नाही ना. मी मध्येच कसा बोलणार? बघतो. कोणाला तरी बाजूला घेऊन..."

त्याने पेन टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं. "चहा घे," तो म्हणाला, "थंड होतोय."

शुक्रवारी त्याने सही न केलेला कागद परत दिला. पुढच्या सोमवारी त्याचं ऑफिसात शिरायचं कार्ड बंद झालं. सॉफ्टवेअर ठरल्या तारखेला बाहेर पडलं. काही झालं नाही. निदान माझ्या कानावर येईल असं काही झालं नाही. तो प्रश्न आजतागायत कोणी विचारलेला नाही, त्यामुळे अधिक मला सांगता येत नाही.

साठ दिवस लोक शब्दशः मोजतात हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. वहिनींनी फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं. चँडलर नावाच्या गावातल्या एका कंपनीने त्याच्या पाच मुलाखती घेतल्या, ईडन प्रेरीतल्या एकीने तीन. दोन्हींकडून नकार आला. शेवटी तिथल्या कोणीतरी आमच्या ऑफिसात ओळखीच्या माणसाला फोन केला असणार. आमच्या ऑफिसात त्याचं नाव काढलं की काय ऐकायला मिळायचं, ते मीच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

ते दिवस मी ट्रेनमध्ये त्या ग्रीक म्हाताऱ्याचं वाचण्यात घालवले. एकटाच असायचो. खिडकीची जागा मोकळी असायची आणि मी तिथे सरकत नसे. खटल्याच्या तयारीसाठी मी जे वाचलं होतं ते वरवरचं, हशे काढण्यापुरतं. आता मित्राने सांगितलेला आणि मी कापलेला तो भाग पहिल्यांदा नीट वाचला. खरंच तसं आहे. सत्तर वर्षांचा माणूस पाचशे पंचांपुढे उभा आहे, आणि पहिलं उत्तर तो देतो ते हजर नसलेल्या थट्टेला.

त्या नाटककाराचं मग काय झालं, हे मी शोधत बसलो. काही झालं नाही. तो पुढेही नाटकं लिहीत राहिला, चांगली लिहीत राहिला. त्याच्या मनात वाईट नसणार, अशी माझी खात्री आहे. त्याला तो माणूस आवडतही असेल. न आवडणाऱ्या माणसाची नक्कल इतकी हुबेहूब जमत नाही.

मग कीर्ती खरी की फुगवलेली? मी सरकारी वकील होतो, तेव्हा मी उत्तर द्यायला हवं. बायको आणि पोरांबद्दलचा आरोप मी मागे घेत नाही. वहिनींचा तो चेहरा पाहिल्यावर तर मुळीच नाही. त्या म्हाताऱ्याने तुरुंगात बायकोला रडते म्हणून घरी पाठवून दिलं आणि मित्रांशी आत्म्यावर चर्चा केली, हे वाचून मला आजही संताप येतो. पण कोर्टात रडून, पोरं उभी करून सुटता येत होतं, आणि त्याने ते केलं नाही. दंड म्हणून, गावाबाहेर काढा, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता, आणि तेही तो म्हणाला नाही. यातलं कुठलंच चेल्यांनी फुगवलं असेल असं मला वाटत नाही. फुगवलंय ते आम्ही स्वतःला. त्याच्या कोठडीत बसून ढसाढसा रडणारे आणि नंतर सुंदर वर्णन करणारे मित्र, त्यांच्याविषयी आता मला शंका येते. खटला चालू असताना ते नेमके कुठे उभे होते? पैशांचा जामीन राहायला तयार होते म्हणे. पण बाजारात जाऊन त्याचा एखादा प्रश्न, त्याच्याऐवजी, त्यांच्यापैकी कोणी विचारला का?

नागपूरला निघायचा दिवस सप्टेंबरअखेरचा. दुपारचं विमान होतं. मी सोडायला येतो म्हटलं होतं, पण बॅगा फार, म्हणून त्यांनी मोठी व्हॅन ठरवली होती. रिकाम्या घरात पावलं वाजत होती. लेक जिन्यावर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होती. मी तिला जवळ घ्यायला गेलो तर ती उभी राहिली, शिष्टाचारापुरती गळ्यात पडली, आणि म्हणाली, "काका, यू वर रिअली फनी दॅट डे. एव्हरीवन सेज सो." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधत होतो, नव्हता.

वहिनी शेजारणीला चाव्या द्यायला गेल्या. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर आम्ही दोघंच उरलो, सात बॅगांच्या मध्ये. रात्रभर मी काय बोलायचं ते ठरवलं होतं, आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

त्याने मान तिरकी केली. चश्मा कपाळावर नेला. मला मारायला नव्हे, खिजवायला नव्हे. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"कशात?"

उत्तरं किती होती! नक्कल, मोबाइलवरचा तुकडा, पानभर अभिप्राय, तो रविवार, तो न विचारलेला प्रश्न. ह्यांतलं कुठलंही एक सांगितलं असतं तरी चाललं असतं. तो थांबला होता. व्हॅनचा ड्रायव्हर एकेक बॅग आत चढवत होता.

"आता बघ," मी म्हणालो, आणि माझे हात आपोआप वर आले. "त्या बुधवारी मी लिफ्टमध्ये शिरलो. आत कोण? साक्षात साहेब! एकटे! आता मी काय करावं? वर जावं की खाली? आणि तेवढ्यात साहेब मला म्हणतात..." मी साहेबांचा आवाज काढला. साहेबांचं पोट काढलं. लिफ्टचं दार काढलं. हे असं काही घडलंच नव्हतं. कुठे चाललोय ते मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

आणि तो हसला. नेमका जिथे हसायला हवं तिथेच हसला, माझी लय न मोडता. त्याने नेहमीच मला ती साथ दिली होती. वहिनी परत आल्या, त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि त्या व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. लेक कानात हेडफोन घालून मागे बसली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, चश्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि तोही चढला. माझी गोष्ट अजून संपायची होती. मी हात वर करून तसाच उभा होतो, साहेबांच्या चेहऱ्यासकट, आणि व्हॅन कोपऱ्यावरून वळली.